जानेवारीतला तिबोटी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर उठून आत जायचो. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चिडतो. वळणावर लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतलं रडणं... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आजही नाही. उभं आयुष्य मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. जी वस्तू आत आली ती आली, बाहेर गेली ती गेली, मधलं काही नसतं. तेव्हा कृपा करून खाली तोडगे आणि उतारे सुचवू नका. मला ते नको आहेत.

मी लिहितोय ते एका फोटोमुळे. आमच्या भागातल्या पक्षी-फोटोग्राफीच्या ग्रुपचं दरवर्षी पावसाळ्याआधी शिबिर असतं. नवीन मुलं येतात, त्यांना पडद्यावर एक फोटो दाखवतात. ओढ्याची दरड, तिच्यात बिळाचं तोंड, आणि त्याच्या भोवती कापलेले नेचे. खाली लिहिलेलं असतं, ‘घरट्याशी असं कधीही वागू नका. हा प्रकार दत्तू म्हसे यांनी केला.’ मुलं च्यक च्यक करतात. दत्तू आता हयात नाही. पण त्याची बायको आहे, कडावलाच राहते, आणि तिच्या नातवाच्या मोबाइलवरसुद्धा तो फोटो येऊन पडलेला आहे. नातवाने तिला विचारलं, आजोबांनी पिल्लं मारली का गं?

हे ऐकल्यापासून मला रात्री झोप नाही आणि दिवसा शांती नाही. म्हणून सगळं लिहितो. जे मला समजलं तेही, आणि जे आजवर समजलं नाही तेही.

दत्तू आणि मी खालापूरच्या बाजूला एकाच कारखान्यात होतो. तो मेंटेनन्सला फिटर, मी स्टोअरला. कर्जतहून कामगारांना न्यायला कंपनीची टेंपो ट्रॅव्हलर यायची. तिच्यातली अगदी मागची, खिडकीजवळची सीट दत्तूची, तिच्या पुढची माझी. अख्खी नोकरी आम्ही त्या दोन सीटांवर झोपा काढत केली. आम्ही निवृत्त झालो आणि पुढे गाडीही निवृत्त झाली. कंपनी भंगारात काढत होती, दत्तूने ती उचलली. स्वतःच्या हाताने सीटा उपटल्या, झोपायला दोन बाकडी केली, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना जाळ्या. फक्त मागची आपली सीट त्याने ठेवली.

“हिच्यावं माजी निम्मी झोप झाली रं नाना. हिला कशी काढू?”

आमची कुंदा म्हणायची, “घराचं प्लास्टर पडतंय आणि हे दोघं गाडीला पडदे शिवतायत.”

“पडू दे वयनी,” दत्तू म्हणायचा, “प्लास्टर पडलं की तुमी बी गाडीत ऱ्हायला या. चहा माजा फुकट.”

चहा खरोखर त्याचाच असायचा. आलं ठेचून, गुळाचा. गाडी कुठेही लागली की पहिला चहा दत्तू करणार, हा नियम. भिगवणला, दांडेलीला, एकदा तर पार कच्छच्या रणात, सगळीकडे. मी लेन्स लावेपर्यंत त्याच्या शेगडीचा आवाज सुरू झालेला असायचा. त्याचा आणखी एक नियम होता. घरट्यापाशी गेलो की आई-बापांनी पिल्लांना दोनदा भरवल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही. मी चडफडायचो. तो म्हणायचा, “दोन घास जाऊ दे रं त्यांच्या पोटात. मंग कर तुजं खडखड.”

आता तिबोट्याबद्दल. तिबोटी खंड्या म्हणजे चिमणीएवढा पक्षी. पिवळं पोट, निळी पाठ, डोक्यावर जांभळी झाक, लालभडक चोच. आमच्याकडे तो पावसाळ्यापुरता येतो. ओढ्याच्या दरडीत बीळ खणतो, पिल्लं वाढवतो आणि पाऊस संपला की निघून जातो. या पक्ष्यासाठी मुंबई-पुण्याचे लोक लाखांच्या लेन्स घेऊन आमच्या ओढ्यांवर गर्दी करतात. खंड्यांची एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. खंड्या स्वतः खाणार असेल तर भक्ष्याचं डोकं घशाकडे धरतो. दुसऱ्याला भरवायचं असेल तर डोकं बाहेरच्या बाजूला. चोचीतल्या सापसुरळीचं डोकं बाहेर दिसलं की समजायचं, पिल्लं आहेत.

एका पावसाळ्यात दत्तूला एक घरटं सापडलं. खालापूरच्या डोंगराखाली, वस्तीपासून लांब, कुणालाच माहीत नसलेलं. बिळाच्या तोंडावर नेच्यांचा आणि मुळ्यांचा पडदाच होता. त्याने ठिकाण फक्त मला सांगितलं. सकाळी गाडी रस्त्याला लावली. दत्तू म्हणाला, “तू पुढं हो, गप बसून ऱ्हा. मी चहा घेऊन येतो.”

मी पुढे गेलो. पक्षी येत होता, पडद्याआड जात होता, आणि मला मिळत होती नुसती शेपटी. माझ्या बॅगेत कुंदाची गुलाब छाटायची कात्री होती, लाल मुठीची. ती मी घरातून निघताना बॅगेत टाकली होती, म्हणजे माझ्या मनात आधीपासूनच होतं. ‘चुकून झालं’ असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवलेली नाही. पक्षी गेलेला बघून मी नेचे कापले, मुळ्या कापल्या. बिळाचं तोंड स्वच्छ उघडं पडलं. गाडीकडून दार लोटल्याचा आवाज आला तशी मी कात्री ओढ्यात फेकली.

दत्तू दोन कप घेऊन आला. दरडीकडे बघितलं आणि तिथेच थांबला.

“ह्ये कंदी?”

“मी आलो तेव्हा असंच होतं,” मी म्हणालो. “गुराख्याने केलं असेल.”

तो जवळ गेला. कापलेल्या टोकांना त्याने बोट लावलं, बोट बघितलं, पँटला पुसलं. “हां. असंल,” म्हणाला. मग एकच फोटो काढला, त्या कापलेल्या टोकांचा. पक्ष्याचा एकही काढला नाही. माझा कप दगडावर ठेवला आणि गाडीकडे गेला. मी मात्र फोटो काढले. चांगले आले.

पुढच्या फेरीला बीळ उकरलेलं होतं. धामण असेल किंवा दुसरं काही. पिल्लं नव्हती. दोघं पक्षी मात्र होते. चोचीत सापसुरळी, डोकं बाहेर, बिळाशी यायचे, घिरट्या घालायचे, समोरच्या फांदीवर बसायचे, पुन्हा यायचे. घास सोडत नव्हते, खात नव्हते. दत्तू तिथे किती वेळ बसला कोण जाणे. मी गाडीत जाऊन बसलो.

दत्तूने काय करावं? त्याने तो कापलेल्या नेच्यांचा फोटो स्वतःच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘कोणीतरी कापलं. पिल्लं गेली. असं करू नका.’ सरळ मनाचा माणूस.

ग्रुपच्या प्रमुखांना सगळे सर म्हणतात. नेरळजवळ त्यांचा बंगला आहे आणि मत नाही असा विषय नाही. त्यांनी कर्जतच्या हॉलमध्ये बैठक बोलावली, फोटो पडद्यावर मोठा केला. “बघा, रस अजून ओला आहे. म्हणजे फोटो काढणारा त्या क्षणी तिथे होता. जागा कुणाला माहीत होती, म्हसे?”

“मला. आन नानाला.”

“मग दोघांपैकी एक.” सर माझ्याकडे वळले. “नाना, तुम्ही काय करत होतात?”

मी म्हणालो, “मी गाडीत चहा करत होतो.”

इतकंच वाक्य. कुणी मला धमकावलं नव्हतं. आपोआप तोंडातून आलं, जणू कुणी लिहून दिलं होतं. दत्तू माझ्या शेजारच्याच खुर्चीत होता. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, एखादा सुटा पार्ट कुठल्या मशिनचा आहे ते ओळखायला बघावा तसं. मग उठला आणि हॉलच्या बाहेर गेला. सर म्हणाले, “गेले. म्हणजे कळलंच.” लोकांनी माना डोलावल्या. यातल्या निम्म्या लोकांनी दत्तूच्या हातचा चहा प्यायलेला होता. एकालाही वाटलं नाही की त्या गाडीत चहा कोण करतं ते आपल्याला माहीत आहे. एकालाही नाही! त्यांचा राग मला आजही येतो, आणि तो राग धरायचा मला काडीचा हक्क नाही हे कळूनही येतो.

दत्तूने कॅमेरा विकला. गाडीची किल्ली मुलाच्या हाती माझ्याकडे पाठवली. निरोप असा, “नानाला म्हनावं वापर, हितं उभी राहून सडंल.” आणि मी घेतली. नको म्हणालो नाही. घेतली.

आता ते दुसरं.

त्यानंतरच्या जानेवारीतली गोष्ट. मी एकटाच गाडी घेऊन कडावच्या अलीकडे एका तळ्याशी थांबलो होतो. भात कापून झालेलं, शेतात वाल. लख्ख सकाळ, धोबी पक्षी, वेडे राघू. मागच्या काचेवर टकटक झाली. वळून बघितलं तर काचेबाहेरच्या पट्टीवर तिबोटी. जानेवारीत. ओढा नाही, झाडी नाही, उघड्या शेतात. चोचीत सापसुरळी, डोकं बाहेर.

मी श्वास धरून फोटो काढले. तो काचेवर चोच आपटत होता, उडत होता, परत येत होता. ती काच दत्तूच्या सीटची.

पहिला विचार काय आला सांगू? रेकॉर्ड. जानेवारीतला तिबोटी, आमच्या तालुक्यात कुणी घेतलेला नाही. मी ग्रुपवर टाकला. तासाभरात सरांचं उत्तर : ‘नाना, पावसाळ्यातला फोटो जानेवारीचा म्हणून खपवू नका. तारखा बदलता येतात हे आम्हालाही कळतं. म्हसेंच्या संगतीचा परिणाम?’ खाली हसण्याची चित्रं. मागे वालाचं शेत स्पष्ट दिसतंय, पावसाळ्यात वाल असतो का? मी लिहीत गेलो, ते हसत गेले. शेवटी मला ग्रुपमधून काढलं. तेव्हा मी कुंदाला मोठ्याने म्हणालो, “खरं बोलणाऱ्याला खोटं पाडतात हे लोक.” माझ्याच तोंडचं ते वाक्य मला ऐकू आलं आणि मी फोन उपडा ठेवला.

तो पुन्हा आला. चौकच्या बाजूला एका धरणाखाली गाडी लावली, तिथे आला. नेरळजवळ गॅरेजमध्ये क्लच करायला दिली होती, तिथे मेकॅनिकनेच विचारलं, “काका, ये रंगीन चिडिया आपका पाला हुआ है क्या? पीछे का शीशा तोडेगा.” काचेत प्रतिबिंब दिसतं म्हणून पक्षी चोच मारतात, हे मला माहीत आहे. म्हणून मी काच बाहेरून कागद चिकटवून झाकली. तो कागदावर आपटायला लागला. दर वेळी चोचीत घास, दर वेळी डोकं बाहेर.

मग तो घरी आला. गाडी आमच्या अंगणात होती, ऊन चढलेलं, कुंदा कुरडया वाळत घालत होती.

“अहो,” ती म्हणाली, “हा तुमचा पक्षी गाडीला का भांडतोय?”

“तुला दिसतोय?”

“म्हणजे काय, आंधळी आहे का मी?” ती गाडीजवळ गेली आणि तिने कान लावला. “याला आत जायचंय हो. आत पिल्लं आहेत याची. ऐका.”

मी ऐकलं. रातकिड्यासारखी बारीक, एकसारखी किरकिर. बिळातल्या पिल्लांना चाहूल लागली की ती अशीच किरकिरतात. त्या ओढ्यावर मी ती ऐकली होती. आत गेलो, तर आवाज दत्तूच्या सीटखालून येत होता. सीटखाली त्याने पत्र्याचा खण केलेला होता, बोल्ट मारून बंद. मी तो तोवर उघडला नव्हता. पाना आणला, बोल्ट काढले. कुंदा मागे उभी होती. शेवटचा बोल्ट निघेपर्यंत ती किरकिर आम्हा दोघांनाही ऐकू येत होती. झाकण उचललं आणि ती थांबली.

पिल्लं नव्हती. पीस नाही, विष्ठा नाही, घरट्याचा तो कुजका वास नाही. फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू होती, तेल लावून नीट ठेवलेली. कुंदाने फडकं सोडलं. लाल मुठीची कात्री.

“ही तर माझी,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात हरवली. इथे दत्तूभाऊजींच्या...” ती बोलता बोलता थांबली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला सगळं उलगडून सांगावं लागत नाही. तिने माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, “मग चहा कोण करत होतं?”

ती कात्री घेऊन घरात गेली. बाहेर बघितलं, पक्षी नव्हता.

त्याच दुपारी मी दत्तूकडे गेलो. वाटेत वाक्य घोकत होतो. तो ओट्यावर वाल सोलत बसला होता. वाळला होता बराच.

“ये रं. बस. क्लच घासतो का अजून?”

“दत्तू, सीटखाली कात्री सापडली.”

“हां. कुंदावयनीची. वड्यात पडली व्हती, गंजली असती.” त्याचे हात थांबले नाहीत.

मी त्याला पक्ष्याचं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “जानेवारीत? चोचीत काय व्हतं?”

“सापसुरळी. डोकं बाहेर.”

आता हात थांबले. “मंग पिल्लं असतील कुटंतरी,” तो हळू म्हणाला.

आणि इथे, ज्या वाक्यासाठी गेलो होतो ते बोलायच्या जागी, मी त्याच्यावर भडकलो. “तुला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मग हॉलमध्ये तोंड का उघडलं नाहीस? कात्री आणून टाकायची होतीस टेबलावर! गप्प राहून मोठा झालास तू, आणि मला आयुष्यभर...” असं काहीबाही. वहिनी दारात आल्या. शेजारी बघायला लागले.

दत्तूने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, “मी कशाला बोलू रं? तू व्हतास की तितं बोलायला.”

मी उठून चालता झालो. मागून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, चहा ठेवलाय.” मी थांबलो नाही.

नंतर जायचं ठरवत राहिलो. आज जाऊ, रविवारी जाऊ. मार्चमध्ये त्याच्या मुलाचा फोन आला. दत्तू सकाळी उठलाच नव्हता.

तो पक्षी पुन्हा आला नाही. दर जानेवारीत मी गाडीची मागची काच उघडून अंगणात बसतो. एका पक्षी-अभ्यासकाला मी सगळे फोटो पाठवले. त्यांनी कळवलं, एखादा पक्षी मागे राहू शकतो, पण जानेवारीत पिल्लांसाठी घास नेत असेल तर त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. बंद पत्र्याखालची किरकिर दोन माणसांनी ऐकली, त्याचं तर मी त्यांना विचारलंच नाही. कात्री तिथे कशी आली ते मला कळलं. बाकीचं आजही कळलेलं नाही, आणि कुणी कळल्याचा आव आणला तर मला त्याचाही राग येईल.

सर, तुम्ही हे वाचाल, तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. त्या फोटोखालचं नाव काढा आणि माझं घाला, स्पष्ट, मोठ्या अक्षरात. वहिनींकडे मी उद्या जाणार आहे, त्यांच्या नातवाला समोर बसवून सांगणार आहे. ते मला जमेल. पण जे वाक्य त्या दुपारी घोकत गेलो होतो, ते ऐकायला आता ओट्यावर कुणी नाही. ते इथे लिहितो.

दत्तू, मला माफ कर. चहा तू करत होतास.